युक्तिकल्पतरूंतील नौकाप्रकरण : एक परीक्षण

प्राचीन भारतीय नौकानयनावर कोणी लिहूं लागला, कीं भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांतील नौकांचें कोष्टक प्रथम पुढें येतें. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांतील हस्तलिखितावरून राधाकुमुद मुखर्जी यांनीं तें १९१२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत विस्तारानें मांडलें. पुढें १९१७ सालीं मूळ ग्रंथहि कलकत्त्यास छापून निघाला. तेव्हांपासून तें कोष्टक एका लेखांतून दुसऱ्या लेखांत जसेंच्या तसें उतरत आलें आहे. मुखर्जींनीं हा विषय विद्वानांपुढें आणिला हे त्यांचे उपकार लहान नव्हत. परंतु त्या कोष्टकाप्रमाणें नाव बांधली तर ती पाण्यावर राहील काय, हा साधा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारलेला दिसतो. तो येथें विचारावयाचा आहे.

ग्रंथकार नौकांचे सामान्य व विशेष असे दोन वर्ग करितो. सामान्य वर्गांत क्षुद्रा ही पहिली. लांबी १६ हात, रुंदी ४, उंची ४. शेवटची मन्थरा, १२० हात लांब, ६० रुंद आणि ६० उंच. हात अठरा इंचांचा धरला तर हें जहाज १८० फूट लांब, ९० फूट रुंद व ९० फूट उंच होईल. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेली सागवानी युद्धनौका 'त्रिंकोमाली' अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तिची लांबी सुमारें १५० फूट व रुंदी ४० फूट. म्हणजे लांबी रुंदीच्या पावणेचारपट. मन्थरेची दुप्पट! उलट 'दीर्घा' नांवाच्या विशेष वर्गांत लांबी रुंदीच्या आठपट व उंची लांबीच्या दशांश. त्यांतील वेगिनी १७६ हात लांब व अवघी २२ हात रुंद. एका वर्गाची पेटी होते, तर दुसऱ्याची काठी.

कोणी म्हणेल, ग्रंथकारानेंच कांहीं नौका अशुभ ठरविल्या आहेत, तेव्हां त्यास तोलाचें ज्ञान असलेंच पाहिजे. पण अशुभ कोणत्या? भीमा, भया व गर्भरा. भीमेचें माप ४०, २०, २०. तिच्या पुढील चपला ४८, २४, २४; ती मात्र शुभ. दोहोंचें प्रमाण अगदीं एकच आहे. मग एक कां बुडावी व दुसरी कां तरावी? शुभाशुभाचें बीज तोलांत नसून तें शास्त्रकाराच्या वर्गीकरणांत आहे. आम्ही संस्कृत शिकलेल्या लोकांस ही खोड चांगली परिचित आहे. गणिताचा क्रम एकदां बसला, कीं वस्तूकडे पाहण्याची गरज उरत नाहीं.

तथापि सर्वच प्रकरण टाकाऊ नव्हे. हलकें परंतु कठीण असें 'क्षत्रिय' जातीचें लांकूड नौकेस उत्तम, हा नियम सागास बरोबर लागू पडतो. तो कोणा जाणत्याकडूनच आलेला असावा. समुद्रगामी नौकेस लोखंडाची जोड नको, हें वचनहि खऱ्या व्यवहाराची साक्ष देतें. मात्र त्याचें कारण, म्हणजे समुद्रांतील लोहचुंबक नाव ओढून घेतील, हें ऐकीव होय. सहाव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस यानें हीच दंतकथा नोंदवून, रोमन जहाजांत पुष्कळ लोखंड असूनहि त्यांस असें कांहीं होत नाहीं, या कारणास्तव ती खोटी ठरविली होती.

या ग्रंथाशेजारीं रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र' ठेवून पाहावें. त्यांत कोष्टक नाहीं, जाति नाहींत. गुराबा फार थोर करूं नयेत व फार लहानहि करूं नयेत, वाऱ्यावांचून जें जहाज निरुपयोगी होतें तें बांधूं नये, पावसाळ्यापूर्वीं आरमार सुरक्षित बंदरांत छावणीस न्यावें, आणि आंबा-फणसाचीं झाडें आरमाराच्या कामाचीं असलीं तरी वाढण्यास वर्षें लागतात म्हणून रयतेचीं तोडूं नयेत, असा तो उपदेश आहे. लिहिणारानें ओला चिखल तुडविला आहे, हें प्रत्येक वाक्यावरून समजतें.

पण आज्ञापत्रहि पठाण, म्हणजे नावेच्या तळाचा मुख्य दांडा, कसा बसवावा हें सांगत नाहीं. तें ज्ञान कागदावर कधीं आलेंच नाहीं. २०२५ सालीं कारवार येथें नौदलांत दाखल झालेली 'कौण्डिन्य' ही शिवलेली नौका याचा पुरावा आहे. जुना आराखडा एकहि उपलब्ध नसल्यानें तिचा आकार अजिंठ्याच्या चित्रावरून बसवावा लागला. पण फळ्या काथ्याच्या दोरीनें कशा शिवाव्या, हें चित्रानें सांगितलें नाहीं कीं भोजानें सांगितलें नाहीं. तें केरळांतील कारागिरांच्या हातांत शिल्लक होतें, म्हणून गोव्यांत ती नौका उभी राहिली.

प्रस्तुत लेखक शिक्षक असतां खाडीकांठच्या एका गांवीं एका वृद्ध सुतारास हें कोष्टक वाचून दाखविण्याचा प्रसंग आला. मन्थरेचें माप ऐकून तो म्हणाला, "मास्तरांनू, ही होडी न्हय, ही भाताची कणगी." मग त्यानें दारांतला जुना मचवा दाखविला. दोरी धरून मोजला, तों लांबी २७ हात व रुंदी ८ हात भरली. त्याच्यापाशीं वडिलांच्या हातची एक चोपडी होती. तींत कोणत्या नावेस किती लांकूड लागलें, कोठून आणलें, मजुरी काय, अशा नोंदी मोडींत होत्या. "पुढच्या सुटींत नकलून घेईन" असें मीं म्हटलें. मीं गेलों तों सुतार वारला होता, मुलगा फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीस लागला होता, आणि चोपडी रद्दींत गेली होती. दोष माझाच, युक्तिकल्पतरूच्या पाठभेदांवर मात्र त्याच सुटींत मीं दोन वह्या भरल्या होत्या.

एडाय नांवाच्या त्रिंकोमालीच्या इंग्रज जहाजबांधणी-अधिकाऱ्यानें १८३४ सालीं, पारी या फ्रेंच नाविकानें १८४३ सालीं व हॉर्नेल यानें १९२० सालीं आपल्या किनाऱ्यावरील नावांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. तीं परक्यांनीं लिहिलीं आहेत, तरी त्यांतील मापें डोळ्यांनीं पाहिलेल्या नावांचीं आहेत. आमच्या संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर सुतारांच्या चोपड्या, लांकडाच्या पावत्या व नावेच्या भागांचीं गांवोगांवचीं नांवें गोळा करावीं. वाळूंत कुजत पडलेला मचवा दिसल्यास आधीं त्याचीं मापें घ्यावीं; पोथी पुढील वर्षींहि कपाटांत सांपडेल.