‘हक्क’ या शब्दाची अडचण

अमर्त्य सेन यांच्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ (१९८१) मधल्या ‘एन्टायटलमेंट’ला मराठीत सर्रास ‘हक्क’ म्हणतात. मला ते घातक वाटते. सेन मोजतात ते एवढेच: चालू कायद्यात माणसाला मजुरीच्या किंवा मालाच्या बदल्यात किती धान्य मिळू शकते. बंगालात १९४३ साली तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता, असा त्यांचा हिशेब (त्यावर वाद झालाच). युद्धाच्या महागाईत शेतमजुराची मजुरी मागे पडली. कायदा न मोडता माणसे मेली. याला ‘हक्क’ म्हटले की तो कायदाच निर्दोष सुटतो. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मजुरी मिळाली, ती मदत म्हणून. मागेल त्याला काम हा हक्क १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने दिला. तिथे तो शब्द शोभतो. सेन यांच्या संज्ञेला मी ‘आवाका’ म्हणेन, ओबडधोबड वाटला तरी.