'फावल्या वेळेतलं' काम: 'अंजुमन' आज बघताना

मुझफ्फर अली म्हटलं की सगळ्यांना 'उमराव जान' आठवतो. त्यांचा 'अंजुमन' (१९८६) फार कमी लोकांनी पाहिलाय. लखनौमध्ये चिकनचं भरतकाम करणाऱ्या गरीब बायकांचा हा सिनेमा. शबाना आझमी त्यातली एक. आधी घरात बसून सुई चालवणारी, मग मजुरीसाठी बाकीच्यांना एकत्र आणणारी.

मला सिनेमाची एक गोष्ट फार पटते. इथे कुणी या बायकांना 'कौशल्य' शिकवायला येत नाही. मुर्री, फंदा, जाळी हे टाके त्यांच्या हातात आहेतच. भांडण आहे ते दराचं. आजच्या 'सक्षमीकरणा'च्या व्हिडिओंमध्ये प्रशिक्षण असतं, प्रमाणपत्र असतं, हसरा फोटो असतो; एका कुर्त्यामागे बाईला किती मिळाले, हे मात्र क्वचितच असतं.

पण सिनेमा एका ठिकाणी सोपी वाट धरतो. त्याचा शोषक लगेच ओळखू येतो: पैसेवाला पुरुष व्यापारी. क्लेअर विल्किन्सन-वेबर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 'एम्ब्रॉयडरिंग लाइव्हज' (१९९९) वाचलं की चित्र गुंतागुंतीचं होतं. ठसे उमटवलेलं कापड व्यापाऱ्याकडून बाईच्या घरी पोचतं ते मध्यस्थांच्या हातून, आणि ती मध्यस्थ पुष्कळदा मोहल्ल्यातलीच, स्वतः टाके घालणारी बाई असते. अडीअडचणीला तीच धावून येते. मग संप करायचा तो कुणाविरुद्ध? हा पेच 'अंजुमन'मध्ये येत नाही.

याच पुस्तकातला दुसरा मुद्दा मला जास्त बोचला. हे काम बायका 'फावल्या वेळात' करतात, असं म्हटलं जातं. एकदा तसं म्हटलं की ती मजुरी राहत नाही, हातखर्च होतो. सिनेमाही नकळत या समजाला हातभार लावतो. खय्याम यांचं संगीत, शबानानं स्वतः गायलेल्या गझला, हे सगळं इतकं देखणं आहे की ते कष्ट आपल्याला नजाकत वाटायला लागतात.

तरी बघाच. १९८४ मध्ये याच शहरात 'सेवा लखनौ' ही चिकन कारागीर बायकांची संस्था सुरू झाली, म्हणजे सिनेमातली एकजूट हवेतली नव्हती. २००८ मध्ये लखनवी चिकनला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यानं नाव जपलं जातं. मजुरी ठरत नाही.

भारतातून येणाऱ्या बॅगेत आपल्यापैकी अनेकांचा एक लखनवी कुर्ता असतोच. पुढच्या वेळी दुकानात 'हँडमेड आहे ना?' एवढंच विचारून थांबू नका. 'टाके घालणारीला किती मिळाले?' हेही विचारा. उत्तर आलं नाही, तर तेही आम्हाला कळवा.