लिंगोची गुहा आणि ‘आम्ही’चा शोध

कारध्यापाशी वैनगंगेकाठी राहणाऱ्या आपणांस ‘गोंड’ हा शब्द परिचित आहे. ‘कोयतूर’ हे त्यांचे स्वतःचे नाव मात्र आपल्या ओठी क्वचितच येते. दूर चिलीतील मापुचे लोकांच्या नावाचा अर्थ ‘भूमीची माणसे’ असा आहे. स्वत्वाचा आरंभ नावापासून होतो. डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचा ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हा हिंदी ग्रंथ वाचताना याची प्रचीती येते.

लिंगोची कथा छापून आली ती नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांतून. १८६३ साली ते निवर्तले; रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती टिपणे प्रसिद्ध केली. तेथे महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व लिंगो त्यांना सोडवतो. कंगाली हीच कथा घरच्या माणसाच्या अधिकाराने सांगतात. गुहा सालेकसा तालुक्यातील कचारगडची ठरते. हिरासुकाच्या वाद्याने बळ आलेली मुले शिळा लोटतात आणि त्याच शिळेखाली तो प्राण सोडतो. मुक्त झालेल्यांना लिंगो देवसंख्येनुसार सगांत बांधतो. समान देवसंख्येत विवाह वर्ज्य. सोयरीक दुसऱ्या सगाशीच. म्हणजे परक्याला आपले केल्याविना समाज पुरा होत नाही! सीमारेषेवाचून उभे राहणारे राष्ट्र ते हेच. ग्रंथाचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते.

मात्र कंगालींनी अन्यत्र सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा जो दावा केला, तो विद्वन्मान्य झालेला नाही. श्रद्धेला पुरातत्त्वाचा दाखला हवासा वाटणे हा मोह आपल्यालाही नवा नाही. पण लिंगोच्या कथेला त्या टेकूची गरज नाही. दुसरी खंत भाषेची. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. अनेक राज्यांत विखुरलेल्या समाजाला स्वतःची ओळख हिंदीतून सांगावी लागते, यात लेखकाचा दोष नाही. पण हानी आहेच.

माघ पौर्णिमेला कचारगडची वाट माणसांनी फुलते. हिस्लॉप यांनी ती कथा ऐकून घेतली, हे त्यांचे ऋण खरे. पण टिपून घेणे वेगळे आणि शेजाऱ्याला त्याच्याच नावाने हाक मारणे वेगळे. वाचकहो, ही दुसरी गोष्ट अजून आपल्याकडून व्हायची आहे.