जातीचे नाव आणि दुकानाची पाटी

१९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आज आपल्यातला छोटा व्यावसायिक इन्स्टाग्रामवर स्वतःची जाहिरात स्वतःच छापतो. संपादकाची मिनतवारी संपली. पण मिळालेल्या या जागेवर तो बोलतो काय, हे समीक्षकाने तपासले पाहिजे असे मला वाटते.

सुधीर राजभर यांचा 'चमार स्टुडिओ' घ्या. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी आली आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम आटले. अशा कारागिरांना सोबत घेऊन राजभरांनी टाकाऊ रबराच्या पिशव्या केल्या. मला त्यातली पाटी महत्त्वाची वाटते. जो शब्द अपमानाच्या हेतूने उच्चारल्यास ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले, तोच येथे मालावरचा छाप झाला. शिवी हिसकावून घेण्याचे हे काम आपल्या कवितेने पूर्वीच केले आहे. व्यापारात ते नवे आहे. मात्र २०२४ मध्ये मायामीच्या प्रदर्शनात त्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. तेथे तो शब्द कुणाला झोंबणार? चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये मसाल्याच्या धंद्याला 'दलित फूड्स' हे नाव दिले, ते मला अधिक धीट वाटते. पिशवी खांद्याला लागते, मसाला पोटात जातो!

याच्या उलट कोल्हापुरीचे झाले. जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने मिलानमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि समाजमाध्यमांवर महाराष्ट्राची अस्मिता खवळली. ते लिखाण मी पुष्कळ वाचले. २०१९ चे भौगोलिक मानांकन होते, शाहू महाराज होते, वारसा होता. कातडे कमावणारा ढोर आणि चप्पल शिवणारा चांभार मात्र क्वचित दिसला. त्याच्या जागी 'कारागीर' नावाचा बिनजातीचा माणूस उभा होता. ज्या हातांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्यांची वस्तू तेवढी 'आपली' झाली. प्रस्थापितांची ही जुनीच रीत आहे.

चप्पल विकणाऱ्या आपल्या पोराने तरी जात का लिहू नये? गिऱ्हाईक तुटेल ही त्याची भीती खरी आहे, आणि त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार पगारी लेखकांना नाही. पण वारसा सांगून चढा भाव घेणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने, मग तो आपला का असेना, जोडाच्या किमतीशेजारी तो शिवणाऱ्याची मजुरी छापावी, एवढे मी जरूर मागतो.