साष्टींतील लेण्यांचे देखावे व त्यांची पाठचिकित्सा

त्रैमासिकाच्या वाचकांस पत्रें, सनदा, महजर व बखरी यांची चिकित्सा नवी नाहीं. कागद हातीं आला कीं अक्षर कोणाचें, मिती वाराशीं जुळते कीं नाहीं, शिक्का मूळचा कीं मागाहूनचा, ही पृच्छा आपण सवयीनेंच करतों. परंतु ज्या गृहस्थानें एका संशयित सनदेपायीं चार रात्री जागून काढल्या, तोच भिंतीवरील एखादें जुनें देखाव्याचें चित्र पाहतांच म्हणतो, "हें पाहा, दोनशें वर्षांपूर्वींची साष्टी अशी होती!" कागदाची उलटतपासणी होते, चित्राची होत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं छापील देखावा हीहि एक पोथीच आहे. तिलाहि मूळ प्रत असते, नकलकार असतात, प्रमाद असतात, आणि पुष्पिकाहि असते.

हें सुचण्याचें निमित्त लहानसें आहे. गेल्या पावसाळ्यांत घाटकोपर येथील एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस एक चित्र दाखविलें. ताम्रपटावरून छापलेलें, वर हातानें रंग भरलेलें. चौकटींत नीट बसावें म्हणून चारी कडा कापलेल्या. विकणाऱ्यानें मागील बाजूस "घारापुरी" अशी चिठी डकवली होती. चित्रांत एका लेण्याचा व्हरांडा, त्याच्या टोकाशीं कोरलेली प्रचंड उभी बुद्धमूर्ति, व तिच्या पायाशीं एक मनुष्य, जो तिच्या गुडघ्याच्या फारसा वर पोंचत नाहीं. घारापुरीचें मुख्य लेणें शैव. तेथें अशी मूर्ति कोठची? कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या, म्हणजे मोठ्या चैत्याच्या, व्हरांड्यास दोन्ही टोकांस अशा मूर्ति आहेत. सुमारें तेवीस फूट उंचीच्या. चिठी खोटी ठरण्यास पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. परंतु चित्र कोणाचें, केव्हांचें, कोणत्या ग्रंथांतून फाडलेलें, हें सांगणारी ओळ मात्र कात्रीबरोबर गेली होती. ती गेली याचें आम्हांस जें दुःख झालें, तें चित्राच्या मालकांस समजेना. म्हणून हा लेख.

आधीं एक वाद बाजूस सारला पाहिजे. देखाव्याचें चित्र ही सर्वस्वीं साहेबाची देणगी, असें एक पक्ष म्हणतो. आमच्या शास्त्रांत तें पूर्वींच होतें, असें दुसरा म्हणतो. दुसरा पक्ष विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्राकडे बोट दाखवितो. तेथें आकाश रंगविरहित व पक्ष्यांनीं भरलेलें, पर्वत शिला, शिखरें, वृक्ष, निर्झर व सर्प यांनीं युक्त, जल मत्स्य, कूर्म व कमळें यांसह, आणि रात्र चंद्र, तारे, चोर व निजलेलीं माणसें यांच्या योगें दाखवावी असें सांगितलें आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर मुद्रणालयानें १९१२ सालीं छापलेल्या प्रतींत हा भाग बराच अशुद्ध आहे. प्रियबाला शाह यांनीं संपादिलेली व १९५८ सालीं बडोद्यास प्रसिद्ध झालेली आवृत्ति समोर ठेवूनच तो वाचावा. परंतु शुद्ध पाठ घेतला तरी अर्थ बदलत नाहीं. हीं चिन्हें आहेत. मासा व कांसव पाण्याचें नांव सांगतात. तें पाणी कोणत्या गांवचें हें सांगत नाहींत. चित्रसूत्रांतील पर्वत हा कोणताहि पर्वत आहे, कान्हेरीचा नव्हे.

तथापि पहिल्या पक्षासहि आम्ही मान डोलवणार नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र अपुरें म्हणतो, व त्यांत काय भरावयाचें तें सांगतो: मालिनी नदी, तिच्या वाळवंटांत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशीं बसलेले मृग, वल्कलें वाळत घातलेला वृक्ष, आणि काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी मृगी. येथें मालिनी ही मालिनीच आहे. दुसरी नदी चालणार नाहीं. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत तर चित्रांतील जनस्थान, प्रस्रवण गिरि व गोदावरी पाहून सीतेस पुनः वनांत जाण्याचा डोहाळा होतो, आणि पुढील सर्व अनर्थास तेंच निमित्त होतें. शाळेंत हा अंक शिकवितांना आम्ही मुलांना विचारीत असूं, सीता चित्र पाहते कीं वन? विशिष्ट स्थळाचें चित्र मनुष्यास ओढून नेतें हें आमच्या कवींस पक्कें ठाऊक होतें. फरक इतकाच कीं तें स्थळ कोणाच्या तरी कथेसाठीं चित्रांत येतें. माणूस काढून घेतला तर चित्रकार तें काढीत बसणार नाहीं.

माणूस काढून घेऊन केवळ स्थळच चितारावें ही गोष्ट यूरोपांतहि फार जुनी नव्हे. लँडस्केप हा इंग्रजी शब्दच डच 'लांडस्खाप' यावरून आलेला. सतराव्या शतकांत हॉलंडांत हा प्रकार भरास आला. १६६७ सालीं फ्रान्सांत फेलिबियाँ यानें चित्रप्रकारांची जी उतरंड लाविली तींत इतिहास-पुराणांचीं चित्रें शिखरावर व देखावे पुष्कळ खालीं आहेत. चीनमध्यें मात्र ग्वो शी याचें वसंतारंभाच्या डोंगरांचें प्रसिद्ध चित्र १०७२ सालचें, हें आमच्याकडील इंग्रजीभक्तांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां साष्टी. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत व कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंत आज जी उपनगरांची दाटी आहे, ती याच बेटावर. १७३७ ते १७३९ या काळांत मराठ्यांनीं हें बेट पोर्तुगीजांपासून घेतलें, १७७४ सालीं इंग्रजांनीं बळकाविलें, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम झालें. यानंतर अवघ्या नऊ वर्षांनीं, १७९१ सालीं, जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईस आला. आपले वाचक त्यास सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें काढणारा म्हणून ओळखतात; पण त्याचें मन लेण्यांत गुंतलें होतें. १७९३ सालीं थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे उत्तर व दक्षिण हिंदुस्थान पालथा घालून मुंबईस आले, तेव्हां वेल्सनेंच त्यांस येथील लेणीं दाखविलीं. सवाई माधवराव १७९५ च्या आक्टोबरांत गेले. त्यांचा हा चित्रकार पुढच्याच महिन्यांत साष्टींत मरण पावला.

याच सुमारास पुण्यास इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यानें चित्रशाळा चालविली होती. तींतील गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट, हा मनुष्य आमच्या मतें या प्रकरणाचा खरा नायक आहे. एशियाटिक रिसर्चेसच्या सहाव्या खंडांत मॅलेटचा वेरुळवरील लेख आहे, त्यास गंगारामाच्या रेखाटनांचा आधार होता. वेल्सच्या मरणानंतर १८०३ सालीं वेरुळचीं चोवीस चित्रें थॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं लंडनांत निघालीं. त्यांवर नांवें वेल्सचें व डॅनियलचें. गंगारामाचीं रेखाटनें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत, वेल्सची दैनंदिनीहि तेथेंच. कांसारआळींतला हात परदेशांत सुरक्षित राहिला आणि आपल्याकडे त्याचें नांव पुष्कळ वर्षें कोणाच्या ओठीं नव्हतें, हें लिहितांना संकोच होतो.

आतां पाठचिकित्सेचा प्रश्न पाहा. डॅनियलांचें 'ओरिएंटल सीनरी' हें सहा भागांचें व एकशें चव्वेचाळीस चित्रांचें पुस्तक १७९५ ते १८०८ या काळांत निघालें. प्राचीन वास्तूंच्या चित्रांत साष्टींतील लेणीं आहेत. पाहणें १७९३ चें, छपाई त्यानंतर कांहीं वर्षांची, तीहि सहा महिन्यांच्या जलप्रवासापलीकडे. मध्यें काय काय घडलें? प्रथम स्थळावर रेखाटन. त्यासाठीं कॅमेरा ऑब्स्क्यूरा नांवाची अंधारी पेटी, जिच्यांत भिंगांतून आलेली आकृति कागदावर पडते व ती गिरवितां येते. हा झाला मूळ पाठ, आणि तो बहुधा विश्वसनीय. खांबांची संख्या, कमानीचा उतार यांवर आम्ही विश्वास टाकतों. मग तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड वितळवून, अम्लानें खाववून, छायाप्रकाशाचा पोत आणणें. ही पहिली नक्कल. भाग्यानें येथें नकलकार स्वतः चित्रकारच होते. त्यानंतर छापलेल्या प्रत्येक प्रतीवर जलरंग हातानें. ही दुसरी नक्कल, आणि हिचे नकलकार अनामिक. म्हणूनच एका प्रतींत आकाश निळें तर दुसरींत संध्याकाळ झालेली. रंगावरून वेळ, ऋतु वा दगडाची जात ठरवूं पाहणारे लेखक आम्हीं वाचले आहेत. त्यांनीं लंडनच्या कोण्या रंगाऱ्याच्या ब्रशाची साक्ष काढली, कान्हेरीच्या दगडाची नव्हे. शिवाय १८१२ ते १८१६ या काळांत हेंच पुस्तक लहान आकारांत पुनः निघालें. म्हणजे बृहत् व लघु अशा दोन वाचना झाल्या, आणि बाजारांत त्या एकमेकींच्या नांवावर खपतात.

आणि पुष्पिका. इंग्लंडांत १७३५ च्या कायद्यान्वयें छापील चित्राचा हक्क राखावयाचा तर पत्र्यावरच प्रकाशनाची तारीख व मालकाचें नांव कोरावें लागे. म्हणून चित्राखालीं ती बारीक ओळ असते: कोणी रेखाटलें, कोणी कोरलें, कोठें, कोणत्या दिवशीं प्रसिद्ध झालें. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, शक व तिथि असते तसेंच हें. मात्र ती तारीख प्रकाशनाची, रेखाटनाची नव्हे. वेल्सचीं मुंबई बेट व परिसराचीं बारा चित्रें १८०० सालीं निघालीं, पण मथळ्यांतच तीं १७९१ व १७९२ सालीं घेतल्याचें नमूद आहे. असा सरळपणा सर्वत्र भेटत नाहीं. मथळेहि तोकडे. डॅनियलांच्या कान्हेरीच्या कांहीं चित्रांस केवळ "साष्टी बेटावरील कोरीव मंदिर" एवढेंच नांव. बेटावर कान्हेरी आहे, जोगेश्वरी आहे, अंधेरीजवळचें महाकाली आहे, बोरिवलीजवळचें मंडपेश्वर आहे. कोणतें घ्यावयाचें? तें चित्रांतील मूर्ति व खांब यांनींच सांगावें लागतें.

गुणदोषांविषयीं दोन शब्द. डॅनियलांची वास्तु खरी. त्यांची सृष्टि अर्धी खरी. फ्रान्सांत जन्मून रोमास राहिलेल्या क्लॉद लोरेन (मृत्यु १६८२) यानें देखाव्याचा एक सांचा पाडला होता: एका बाजूस काळोखें झाड, मध्यें लहान माणसें, दूरवर धूसर उजेड. इंग्लंडांतील सर्व रसिक याच चष्म्यांतून पाहत. साष्टीचे डोंगर त्यांत मऊ झाले. चैत्र-वैशाखांत येथील खडक जसा भाजून निघतो, व आषाढांत जशी त्यावरून पाण्याची चादर धांवते, त्यांतलें कांहीं तेथें नाहीं. आणि तो ताड! हिंदुस्थान दाखवावयाचा म्हटला कीं या लोकांचा ताड किंवा माड ठरलेला. चित्रसूत्रांत मासा व कांसव म्हणजे पाणी. येथें ताड म्हणजे पूर्वदेश. ज्या चिन्हपद्धतीस हे लोक बालिश म्हणत, तीच त्यांच्याहि हातून सुटली नव्हती. साष्टींत ताड पुष्कळ होते, म्हणून चूक झांकली जाते इतकेंच.

असें असूनहि हीं चित्रें टाकाऊ नव्हेत; उलट नीट शुद्ध करून घेतलीं तर दुसरें साधन जें सांगत नाहीं तें तीं सांगतात. विहार तलाव १८६० सालीं झाला, तुळशी १८७९ सालीं. त्यापूर्वींचें बेटाच्या मध्यभागचें खोरें आज पाण्याखालीं आहे. तें पाहावयाचें तर त्या अगोदरचीं रेखाटनें व नकाशेच पाहिले पाहिजेत. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानांत असल्यामुळें भोंवतालीं रान तरी शिल्लक आहे. जोगेश्वरीस मात्र लेण्याच्या अंगावर घरें आलीं. आम्ही तेथें एकदां छापील चित्राची नक्कल घेऊन गेलों व चित्रकाराची उभे राहण्याची जागा शोधूं लागलों; सापडली ती एका बिऱ्हाडाच्या मोरीच्या भिंतीशीं. बाईंनीं पाणी दिलें आणि काय मोजतां म्हणून विचारलें. त्यांस वाटलें, घर पाडणारे आले.

हेन्री सॉल्टचा साष्टींतील लेण्यांवरील सचित्र लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ सालच्या पहिल्या खंडांत आहे. तेथें चित्र व वर्णन एकत्र आहे, म्हणून तें चित्र वर्णनाशीं ताडतां येतें. खंड फोडून चित्रें सुटीं विकणाऱ्यांनीं हीच सोय नष्ट केली. एक खंड शाबूत ठेवला तर त्याची किंमत एक; फोडला तर प्रत्येक चित्राची वेगळी. व्यापाऱ्यास दोष देऊन काय उपयोग? चौकटींत शोभेल असें मागणारे आपणच.

पुढील इतिहास या लेखाचा विषय नाहीं. १८५७ सालीं मुंबईस सर जे. जे. स्कूल निघालें व देखावे काढणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे उभी राहिली. त्यांतील एकच नांव घेतों. आबालाल रहिमान तेथें शिकून कोल्हापुरास परतले, कोटितीर्थाच्या काठीं राहिले, व १९३१ सालीं वारले. सभोंवतालचें तेंच पाणी व तीच झाडें त्यांनीं पुनःपुन्हा रंगविलीं. त्यांच्या चित्रास नकलकार नाहीं. मूळ प्रतच आपल्यासमोर असते. दुष्यंताला जी मालिनी हवी होती, तीच कोटितीर्थ होऊन येथें आली, आणि या वेळीं शकुंतलेवांचून.

घाटकोपरच्या चित्राकडे परत येतों. मालकांनीं आमच्या सांगण्यावरून चौकट उघडली. एका कोपऱ्यांत, पुठ्ठ्याखालीं दडलेली, कापलेल्या ओळीच्या अक्षरांचीं केवळ वरचीं टोकें सांपडलीं. भिंग लावूनहि त्यांवरून नांव वाचतां येईना. जुनी चिठी आम्हीं काढूं दिली नाहीं, तीहि इतिहासाचा भाग आहे. तिच्या खालीं पेन्सिलीनें लिहिलें: "घारापुरी नव्हे. कान्हेरी, लेणें ३, व्हरांड्याचें टोक. ओळ कापलेली. रंग मागाहून, प्रमाण धरूं नये." खालीं त्या दिवसाची तारीख घातली.