तोकडी भाषा आणि परदेशातील मजुरी : 'आडुजीवितम्' या कादंबरीच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मराठी प्रवासवर्णनात परक्या भाषेची अडचण हा विनोदाचा हक्काचा प्रसंग असतो. उपाहारगृहात भलताच पदार्थ पुढ्यात येतो, पत्ता विचारताना हातवारे करावे लागतात आणि घरी परतल्यावर लेखक ती फजिती रंगवून सांगतो. ही फजिती सुखद वाटते याचे कारण प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते. ज्याने पैशांची जुळवाजुळव करून व्हिसा मिळवला आहे, ज्याचे पारपत्र दुसऱ्याच्या ताब्यात गेले आहे आणि ज्याला यजमान देशाच्या भाषेतील चार शब्दही येत नाहीत, अशा मजुराच्या वाट्याला हीच अडचण कोणत्या रूपात येते, हा प्रश्न आपल्याकडील समीक्षेने क्वचितच विचारला आहे. मराठी वाचकाच्या मनातील 'परदेश' बहुतांशी शिकलेल्या माणसाचा परदेश आहे. रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांतील माणसे वर्षानुवर्षे आखाती देशांत कामाला जात आली असली, तरी त्या अनुभवाला मराठी कथात्म वाङ्मयात मिळालेली जागा अल्प आहे. त्यामुळे हा प्रश्न तपासण्यासाठी शेजारच्या भाषेकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्' या मल्याळम कादंबरीचा विचार जोसेफ कोयिपल्ली यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या (२०१२) आधारे केला आहे.

कादंबरी आणि तिचे प्रचलित वाचन :

'आडुजीवितम्' २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'आडु' म्हणजे शेळी. शीर्षकाचा अर्थ 'शेळीचे जिणे' असा होतो. लेखक स्वतः अनेक वर्षे बहारीनमध्ये नोकरीनिमित्त राहिलेले असून कादंबरीला एका प्रत्यक्ष मजुराच्या अनुभवाचा आधार आहे. केरळ साहित्य अकादमीचा २००९ चा पुरस्कार, शंभराहून अधिक आवृत्त्या आणि २०२४ मध्ये ब्लेसी यांनी केलेला चित्रपट, एवढा लौकिक समकालीन भारतीय कादंबऱ्यांपैकी फार थोड्यांना लाभला आहे.

नजीब हा केरळमधील नदीतून वाळू उपसणारा मजूर. पत्नी सैनू गरोदर असताना तो मुंबईमार्गे सौदी अरेबियाला जातो. सोबत हकीम नावाचा गावाकडचा कोवळा मुलगा असतो. ४ एप्रिल १९९२ रोजी दोघे रियाधच्या विमानतळावर उतरतात. बराच वेळ त्यांना न्यायला कोणीच येत नाही. अखेर एक अरब येतो, त्यांची पारपत्रे पाहतो आणि त्यांना गाडीत घालून वाळवंटात नेतो. तेथे शेळ्या, मेंढ्या व उंट राखण्याच्या कामी दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी जुंपले जाते. तीन वर्षे, चार महिने आणि नऊ दिवसांनंतर नजीब पुन्हा माणसांच्या वस्तीत पोहोचतो.

या कथानकाचे वाचन सामान्यतः दोन अंगांनी केले जाते. एक, वाळवंटाशी झुंज देऊन जगलेल्या माणसाची कथा म्हणून. दोन, ईश्वरावरील श्रद्धेच्या कसोटीची कथा म्हणून. चित्रपटाने पहिल्या वाचनाला बळ दिले. वाळूचे अफाट विस्तार पडद्यावर दिसू लागले की माणसाचा शत्रू निसर्ग आहे असेच वाटू लागते. ही दोन्ही वाचने चूक नाहीत. मात्र दोन्हींत नजीबला वाळवंटात नेमके कशाने अडकवले हा प्रश्न बाजूला पडतो. मालकाकडे बंदूक आहे, दुर्बीण आहे, कमरेचा पट्टा आहे. पण विमानतळावर यांपैकी काहीही वापरावे लागले नव्हते. तेथे भाषेचा अभाव पुरेसा होता.

मालकाचे शब्द :

विमानतळावरील प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. 'आपण कोण? मी ज्याच्याकडे कामाला आलो तो मालक आपणच का?' एवढे दोन प्रश्न नजीबला विचारता आले असते, तर कादंबरी तेथेच संपली असती किंवा निराळ्या दिशेने गेली असती. त्याच्यापाशी एकच शब्द आहे, 'अरबाब', म्हणजे मालक. तो शब्द नाव नाही, पद आहे. त्यामुळे समोर आलेल्या कोणत्याही अरबाला तो लागू पडतो. नजीबच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक अशा रीतीने त्याला ठाऊक असलेल्या एकमेव परभाषिक शब्दातून घडते. भाषा मुळीच न येणे आणि भाषेतील एखादाच शब्द येणे यांत दुसरी स्थिती अधिक घातक ठरू शकते, हे बेन्यामिन यांनी कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे.

पुढे मसाऱ्यात, म्हणजे शेळ्यांच्या कोंडवाड्यात, शब्दांची भर पडते. पण कोणत्या शब्दांची? मसारा, खुबूस म्हणजे भाकरी, पाणी, जनावरे. हा शब्दसंग्रह पूर्णपणे कामाचा आहे आणि त्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. मालक बोलतो, नजीब करतो. नजीबने काही बोलावे अशी अपेक्षाच या व्यवहारात नाही. पहिल्याच दिवशी शौचानंतर पाणी वापरायला गेलेल्या नजीबच्या पाठीवर पट्टा उतरतो. पाणी जनावरांसाठी आहे, मजुराने त्याला हात लावायचा नाही, हा नियम त्याला समजावून सांगितला जात नाही. तो अंगावर उमटवला जातो. जेथे समान भाषा नसते तेथे मार हेच व्याकरण होते. मालकाला याची गैरसोय वाटत नाही. उलट, नजीबला अरबी आली असती तर त्याने वेतन विचारले असते, रजा विचारली असती, तारीख विचारली असती. अर्थात नजीबची तोकडी भाषा ही त्याची व्यक्तिगत उणीव न राहता त्याच्या कामाची एक अलिखित अटच बनते.

येथे भाषाविज्ञानातील एका निरीक्षणाची नोंद उपयुक्त ठरेल. आखाती देशांत आशियाई मजूर आणि अरब यांच्या संपर्कातून एक तुटपुंजी अरबी घडली असून अभ्यासक तिला 'आखाती पिजिन अरबी' म्हणतात. तिच्यात क्रियापदांची रूपे कमालीची घटलेली असतात, लिंग-वचनाचा भेद बहुधा गळून पडतो आणि हाताशी असलेल्या मोजक्या शब्दांवर बाजारहाटापासून बांधकामापर्यंतचे व्यवहार चालतात. शुद्ध भाषेच्या अभिमान्यांनी अशा बोलीला कितीही नाक मुरडले तरी मजुराच्या दृष्टीने ती मोठी मिळकत असते. परंतु पिजिन जन्मण्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात. कामगारवस्ती लागते, दुकान लागते, शेजारी लागतो. मसाऱ्यात यांतले काहीच नाही. नजीबच्या आधी तेथे असलेला, जटा वाढलेला, भेसूर दिसणारा मजूर जवळजवळ मुका झालेला आहे आणि काही दिवसांनी तो नाहीसाच होतो. त्याच्या रूपाने नजीबला स्वतःचे भविष्य दिसते. शहरातील मजुराला निदान मोडकी भाषा मिळते. गुराख्याला तीही नाकारली जाते. आखातातील सर्व स्थलांतरितांचा अनुभव एकाच साच्यात बसवणाऱ्या लेखनात हा भेद हटकून सुटतो.

शेळ्यांची नावे :

नजीब यावर जो उपाय शोधतो तो कादंबरीचा गाभा आहे. तो शेळ्यांना गावाकडच्या माणसांची नावे देतो. कोणाची चाल, कोणाचा तोरा, कोणाचा भांडखोर स्वभाव जनावरात दिसला की ते नाव तिला चिकटते. हळूहळू मसाऱ्यात एक केरळी गाव वसते. समीक्षकांनी या भागाला बहुधा 'मनुष्य आणि पशू यांतील सीमारेषा पुसणे' असे म्हटले आहे. ते मान्य करूनही असे म्हणावे लागेल की नजीबची निकड अधिक साधी आहे. त्याला मल्याळम बोलायचे आहे, आणि बोलण्यासाठी संबोधन लागते. ज्याला हाक मारता येत नाही त्याच्याशी बोलता येत नाही.

याच प्रक्रियेत कादंबरीतील सर्वांत क्रूर प्रसंग घडतो. नजीब ज्याचे बाळंतपण स्वतःच्या हातांनी करतो त्या करडाचे नाव तो नबील ठेवतो. सैनूला मुलगा झाला तर ठेवायचे म्हणून योजलेले हे नाव. अरबाब या नबीलचे खच्चीकरण करतो. अरबाबच्या दृष्टीने ती कळपाची नित्याची व्यवस्था आहे. त्याला नाव ठाऊक नाही, नावे असतात हेच ठाऊक नाही. भाषेची भिंत येथे दोन्ही बाजूंनी उभी राहते. नजीबला मालकाचे शब्द कळत नाहीत, आणि मालकाच्या हातून नजीबच्या भाषेत काय घडले हे मालकाला कधीच कळणार नाही.

सैनूला मनातल्या मनात लिहिलेली पत्रे हा या भाषिक जीवनाचा दुसरा पैलू होय. त्या पत्रांत तो सुखात असल्याचे लिहितो. कागद नाही, टपाल नाही, वाचणारे कोणी नाही. तरीही तो खोटेच लिहितो. परदेशी कामाला गेलेल्या माणसाच्या पत्राचा एक ठरलेला नमुना असतो आणि तो नमुना दुःखाला जागा देत नाही. मनिऑर्डरच्या काळात मुंबईतून कोकणात गेलेल्या पत्रांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा नमुना अनोळखी वाटू नये. म्हणजे मातृभाषा पूर्णपणे अवगत असूनही नजीबला आपले खरे सांगण्यासाठी तिच्यात रचना सापडत नाही. परभाषेत शब्द नाहीत आणि स्वभाषेत मुभा नाही.

अन्य दोन कृतींशी तुलना :

जॉन बर्जर यांनी छायाचित्रकार जाँ मोर यांच्यासह सिद्ध केलेल्या 'अ सेव्हन्थ मॅन' (१९७५) या ग्रंथात पश्चिम युरोपातील स्थलांतरित मजुरांचा विचार आहे. त्या काळी पश्चिम जर्मनीत व ब्रिटनमध्ये हाताने काम करणाऱ्या सात कामगारांमागे एक स्थलांतरित होता, यावरून ग्रंथाचे नाव आले. १९६१ च्या करारानुसार तुर्कस्तानातून पश्चिम जर्मनीत गेलेल्या मजुरांची भरतीपूर्वी वैद्यकीय तपासणी होत असे. दात, छाती, हातपाय पाहिले जात. पाहुणा कामगार परत जाणार हे गृहीत असल्याने त्याला भाषा शिकवण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही. बर्जर यांचे म्हणणे असे की मजूर यजमानांचे काही शब्द शिकला तरी प्रश्न सुटत नाही, कारण शब्दाचा अर्थ तो उच्चारणारा कोण यावर ठरतो. बेन्यामिन यांच्या कादंबरीत या विचाराचे टोक दिसते. बर्जर यांचा मजूर गैरसमजाचा धनी होतो. नजीब गैरसमज होण्याइतकाही बोलत नाही.

सॅम सेल्वन यांची 'द लोन्ली लंडनर्स' (१९५६) ही कादंबरी येथे विरोधाने आठवते. लंडनमध्ये मिळेल ते काम करणाऱ्या कॅरिबियन तरुणांची ही कथा. ही माणसे इंग्रजीच बोलतात, पण त्यांची इंग्रजी लंडनची नाही. सेल्वन यांनी संवादांबरोबर निवेदनही त्याच बोलीत केले. परिणामी वाचकाला कामगाराच्या भाषेत शिरावे लागते. परका ठरतो तो प्रमाण इंग्रजीचा वाचक.

एक आक्षेप :

या तुलनेतून 'आडुजीवितम्'बद्दलचा आक्षेप पुढे येतो. कादंबरी नजीबच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते आणि हे निवेदन सलग, प्रवाही, कधी कधी वक्तृत्वपूर्ण आहे. ज्याची भाषा तीन वर्षे गोठली होती त्या माणसाला सुटकेनंतर इतकी सुघड वाक्ये कोठून मिळाली? मौन कथेत आहे, पण शैलीत नाही. काही ठिकाणी, विशेषतः वाळवंटातील पलायनाच्या भागात, दैवी कृपेची भाषा इतकी पुढे येते की मघाशी पट्ट्याच्या माराने शिकलेला मजूर मागे पडतो आणि दृष्टांत सांगणारा कीर्तनकार समोर उभा राहतो. मूळ मल्याळममधील बोलीचा रंग अनुवादात उतरला नसण्याची शक्यता लक्षात घेऊन हा आक्षेप जपूनच घ्यावा लागतो. तथापि निवेदनाची सलगता ही केवळ अनुवादाची देणगी मानता येत नाही.

याला एक उत्तर कादंबरीच्या रचनेतच आहे. तुरुंग, वाळवंट, पलायन, आश्रय असे तिचे चार भाग आहेत आणि आरंभ शेवटाजवळून होतो. नजीब आणि हमीद हे दोघे स्वतःला अटक करून घेण्यासाठी पोलीस ठाण्यासमोर घुटमळत असतात. म्हणजे आपण जे ऐकतो ते रियाधमधील कुंजिक्काच्या खाणावळीत मल्याळम पुन्हा कानी पडल्यानंतरचे बोलणे आहे. हकीम तहानेने वाटेत मेला आहे, वाट दाखवणारा सोमाली इब्राहिम खादिरी नाहीसा झाला आहे. उरलेल्या एकाला आपली भाषा बोलणारी माणसे भेटली म्हणून कथा अस्तित्वात आली. निवेदनाची ओघवती भाषा ही त्या आश्रयाची खूण मानली तर आक्षेपाची धार काहीशी बोथट होते. ती पूर्णपणे जाते असे मात्र नाही.

कादंबरीतील कूटप्रश्नाचा उलगडा तुरुंगात होतो. पळून आलेल्या मजुरांना ओळखण्यासाठी मालक तुरुंगात येतात, कैदी रांगेत उभे केले जातात. नजीबचा अरबाब येतो, त्याच्यासमोर थांबतो आणि पुढे निघून जातो. हा माझ्या व्हिसावरचा नव्हे, नाहीतर याला ओढत परत नेला असता, असे तो सांगतो. १९९२ मध्ये विमानतळावर जो प्रश्न विचारता आला नव्हता त्याचे उत्तर असे मिळते. तो मालक नव्हताच. विमानतळावर ताटकळत उभे असलेले, भाषा नसलेले दोन मजूर त्याने उचलून नेले होते. पुढे २०२१ मध्ये सौदी अरेबियाने खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा काही अटींवर दिली, तेव्हा त्यातून ज्यांना वगळण्यात आले त्यांत घरकामगारांबरोबर गुराखीही होते.