‘क्युअर’ : खुनी सापडतो, पण...

पोलिसी रहस्यपट म्हटला की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो. एकामागून एक खून, हुशार खुनी, त्याहून हुशार इन्स्पेक्टर आणि शेवटच्या दहा मिनिटांत उलगडा. कियोशी कुरोसावा (थोर अकिरा कुरोसावांशी फक्त आडनावाचे साम्य!) यांचा १९९७ सालचा जपानी चित्रपट ‘क्युअर’ हा साचा सुरुवातीलाच मोडतो.

टोकियोत खून होताहेत. प्रत्येक मृतदेहावर फुलीच्या आकाराचा वार. पण दर वेळी खुनी वेगळा, आणि तो जवळपासच सापडतो! शिक्षक, पोलीस शिपाई, डॉक्टरीणबाई, सगळी साधी, पापभीरू माणसे. गुन्हा कबूल करतात. का केला, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

या सगळ्यांना आधी एक स्मृती हरवलेला तरुण भेटून गेलेला असतो, मामिया. लायटरची ज्योत, सांडलेले पाणी आणि ‘तू कोण?’ हा प्रश्न, एवढीच त्याची हत्यारे. मुख्यालयातला बडा अधिकारी आपले नाव आणि खाते सांगतो, तरी मामिया पुन्हा तेच विचारतो. परदेशात नाव, कंपनी, हुद्दा आणि व्हिसा हेच उत्तर द्यायची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना हे दृश्य जरा जास्तच झोंबते.

खरा सामना आहे तो डिटेक्टिव्ह ताकाबे आणि मामिया यांचा. ताकाबेची पत्नी मनोरुग्ण आहे. ती रिकामेच वॉशिंग मशीन चालू करते, तो दमून घरी येतो आणि मुकाट्याने ते बंद करतो. ना तक्रार, ना चिडचिड. कर्तव्यदक्ष नवऱ्याच्या पोटात साठलेला हा राग कोजी याकुशो यांनी केवळ नजरेतून दाखवला आहे. मामिया माणसात नवीन काही घालत नाही, आत दडपलेले मोकळे करतो. म्हणूनच ‘क्युअर’, म्हणजे इलाज, हे नाव अंगावर काटा आणते.

कुरोसावांचा कॅमेरा लांब, स्थिर उभा राहतो. चौकीबाहेर एक पोलीस सहकाऱ्याला गोळी घालतो, तेही दुरून, नेहमीचे काम उरकावे तसे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे भीती दुप्पट होते.

दोष नाहीत असे नाही. संमोहनविद्येचा इतिहास आणि जुन्या फिल्मचा भाग उत्तरार्धात घाईने येतो व गोंधळात टाकतो. शेवटही इतका सूचक आहे की उपाहारगृहातला अखेरचा प्रसंग मला दोनदा पाहावा लागला.

‘सेव्हन’ (१९९५) ज्यांना आवडला, त्यांनी हा जरूर पाहावा. मात्र मुलांना झोपवून! दोन तासांच्या आत चित्रपट संपतो. मामियाचा प्रश्न मात्र संपत नाही, आणि त्याचे उत्तर व्हिजिटिंग कार्डावर छापलेले नसते.